श्रेय आईचं, मग दोषही आईचाच?

रायगडाकडे निघालेल्या गाड्या पाचाडात थांबतात त्या जिजाऊंच्या समाधीसाठी. राज्याभिषेक झाला 6 जून 1674 रोजी. अकरा दिवसांनी, 17 जूनला, जिजाऊंनी इथेच देह ठेवला. समाधीपुढे चपला काढून उभी राहिलेली माणसं म्हणतात, आई असावी तर अशी. मुलाच्या कर्तृत्वाचं श्रेय आईला देणारी ही आपली रीत मला फार आवडते. पण तिची दुसरी बाजूही मी आसपासच्या घरांत पाहिली आहे. मुलगा चारचौघांसारखा निघाला नाही, की बोट आईकडेच वळतं : "तुझ्याच लाडानं असा झाला."

महाड-पोलादपूरच्या गावांत मुंबईला माणूस नाही असं घर विरळाच. गौरी-गणपतीला चाकरमानी येतात, वाड्या भरून जातात. अशाच एका घरात पस्तिशीतल्या नातवाला आजी विचारत होती, "यंदा तरी लाडू देशील का रे?" तो "बघू" म्हणाला आणि उठून अंगणात गेला. मुंबईत तो दहा वर्षं एका 'रूम पार्टनर'बरोबर राहतो. त्याचं नाव घरात सगळ्यांना ठाऊक आहे, नातं कुणी विचारत नाही. परतीच्या दिवशी आईनं नाचणीचं पीठ आणि तांदळाच्या फेण्या बांधल्या, त्या एकट्याला सरणाऱ्या नव्हत्या. गाठोडं दोघांचं होतं. तोंडानं मात्र ती माउली काही बोलली नाही.

का बोलेल? बाप गप्प, कारण गावच्या मुंबई मंडळात वाच्यता होईल. भाऊ गप्प, कारण उद्या त्याच्या मुलीला स्थळं येणार. मागच्या पिढ्यांतही बिनलग्नाचे काका, बिनलग्नाच्या आत्या होत्या. त्यांतल्या कुणाच्या मनात काय होतं, हे कुणी विचारलंच नाही. घरानं त्यांना पंगतीत पान दिलं, शब्द दिला नाही. आज शब्द मोबाइलवरून नातवंडांपर्यंत पोचला आहे. तो मोठ्यांसमोर उच्चारण्याची सोय अजून नाही.

मुळात यात दोष कुणाचाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. लाडानं कुणी समलिंगी होत नाही आणि लग्न लावून दिल्यानं बदलतही नाही. तसं लग्न लावणं म्हणजे परक्या मुलीचा जन्म जाळणं आहे.

चित्रा पालेकर हे नाव मराठी नाटक-चित्रपटाच्या प्रेक्षकाला परकं नाही. मुलीनं आपण लेस्बियन असल्याचं सांगितलं, तेव्हा या आईनं आधी स्वतःचं अज्ञान दूर केलं आणि मग ती चारचौघांत बोलू लागली. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009च्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं, तेव्हा ते संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्ध उभ्या राहिलेल्या पालकांत त्या होत्या. 2013ला तिथे हार झाली. 1860च्या दंडसंहितेतलं ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द व्हायला 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला. मुलांसाठी आईबाप कोर्टाची पायरी चढले, ही गोष्ट आपल्या पोवाड्यांत शोभावी अशी आहे.

2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. तरी 2024मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं, की अशा जोडीदारांना एका रेशनकार्डावर नाव लावता येईल, बँकेत संयुक्त खातं उघडता येईल, आणि जवळचा नातलग नसेल तर जोडीदाराचा मृतदेहही ताब्यात घेता येईल. शेवटची सवलत वाचून मी बराच वेळ थांबलो. घर असून माणसाच्या अंत्यविधीला घरचं कुणी नसेल, हे सरकारला गृहीत धरावं लागतं. ही लाज आपली आहे.

म्हणून बोलण्याचा भार त्या पोरावर किंवा एकट्या आईवर टाकू नका. घरातल्या ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्या काकानं, मामानं, थोरल्या भावानं तो उचलावा. आजीलाही सांगावं, जिनं इतकं आयुष्य पाहिलं, तिला हे पेलणार नाही असं आपणच का ठरवायचं? या दिवाळीत भरल्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत, त्याला एवढंच म्हणा : "पुढच्या खेपेला त्यालाही घेऊन ये." आई गाठोडं दोघांचंच बांधते आहे. तिच्या बाजूला जाऊन उभे राहा.