हिशेब चावडीवर वाचला जावा

2 डिसेंबर 1994. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात सरकारी कामांची कागदपत्रं भर सभेत मोठ्याने वाचली गेली. मजदूर किसान शक्ती संघटनेची ती पहिली जनसुनावणी. कागदोपत्री ज्यांच्या नावे मजुरी उचलली होती, तेच समोर बसले होते आणि सांगत होते, ‘आम्ही त्या कामावर गेलोच नाही.’ लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटलेली चोरी शेजाऱ्याला नुसत्या नावावरून कळते, हे त्या दिवशी दिसलं. माहितीच्या अधिकाराचं मूळ मला तरी या वाचनात दिसतं.

तोवर या हक्काचा विचार मंदच सरकला होता. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याने कागद झाकून ठेवण्याची सवय लावली, ती स्वातंत्र्यानंतरही सुटली नाही. 1975 मध्ये राजनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी जनतेचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला. पण तो निकालपत्रातच राहिला. मग 1996 मध्ये राजस्थानातच ब्यावरला याच संघटनेचं चाळीस दिवसांचं धरणं झालं आणि हिशेब मागणारी माणसं देशाला दिसली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून 2002 चा राज्याचा माहिती अधिकार कायदा आला, मग 2005 चा केंद्राचा.

कायद्याने अर्जाचा मार्ग दिला, तीस दिवसांची मुदत दिली. पण अर्जदार एकटा पडला. जमिनींचे व्यवहार उघडकीला आणणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी खून झाला. एकट्याने मागितलेली माहिती जिवावर बेतू शकते. गावासमोर वाचलेल्या कागदाचा मात्र कुणी एक धनी नसतो, त्यामुळे सूड तरी कुणावर उगवणार? म्हणूनच केंद्राच्या याच कायद्याचं कलम 4 मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कुणी मागण्याआधीच कार्यालयाने माहिती जाहीर करावी, असं ते सांगतं. आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच झालं आहे.

काही ठिकाणी वाट निघालीही. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना फायली पाहता येऊ लागल्या. 2018 मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ही सोय जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. किती जणांना हे ठाऊक आहे?

खेड्यात तर वेगळं काही उभारायचीही गरज नाही. सातबाऱ्याचं चावडीवाचन आपल्याकडे होतंच. पंचायतीच्या खर्चाचंही व्हावं. आज बहुतेक ठिकाणी जमाखर्चाचा नुसता आकडा सांगितला जातो, वहीवर सह्या होतात आणि सभा उठते. आकड्यावर कुणी काय बोलणार? गटाराची लांबी, सिमेंटच्या गोण्या, मजुरांची नावं वाचली, तर त्याच गल्लीत राहणारी बाई उठून बोलेल.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) नमुना 5 ची रोकडवही आणि एका तरी कामाची मोजमाप पुस्तिका मोठ्याने वाचायला सांगा. आणि ती मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्या.