बाउअरी : एक वस्ती, एक घराणे आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न

मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला डच वेस्ट इंडिया कंपनीचा किल्ला आणि न्यू ॲमस्टरडॅम हे गाव होते. तिथून उत्तरेला काही मैलांवर कंपनीचा एक मोठा मळा होता. वसाहतीचे प्रमुख पीटर स्टायव्हेसंट यांनी तो १६५१ मध्ये ६,४०० गिल्डरांना विकत घेतला. त्या खरेदीत घर, कोठार, सहा गाई, दोन घोडे आणि दोन तरुण काळे गुलाम होते. माणसे आणि जनावरे एकाच यादीत मोजलेली. मूळ रहिवाशांशी झालेल्या चकमकींनंतर, १६६० मध्ये, विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन राहावे असा आदेश निघाला आणि मळ्याच्या आसऱ्याने बाउअरी ही वस्ती उभी राहिली. स्टायव्हेसंट यांनी तिथे प्रार्थनामंदिरही बांधले.

मळ्याच्या शेजारी मुक्त काळ्या कुटुंबांच्या जमिनी होत्या. १६४४ मध्ये अकरा गुलामांनी दीर्घ सेवेचा दाखला देऊन सुटका मागितली होती. तेव्हाचे प्रमुख विलेम कीफ्ट यांनी त्यांना पत्नींसह मुक्त केले, पण दरवर्षी धान्य आणि एक पुष्ट डुक्कर कंपनीला देण्याची अट घातली. दुसरी अट त्याहून क्रूर होती : त्यांची झालेली आणि पुढे होणारी मुले कंपनीची गुलामच राहतील. आईबाप मुक्त आणि लेकरू गुलाम, ही गोष्ट खुद्द वसाहतीतल्या गोऱ्यांनाही पटली नाही. १६४९ मध्ये हॉलंडला पाठवलेल्या तक्रारपत्रात त्यांनी लिहिले की, मुक्त ख्रिस्ती आईच्या पोटचे मूल गुलाम ठरवणे कोणत्याही लोकांच्या कायद्यात बसत नाही.

पालकांना एक मार्ग दिसत होता, तो चर्चमधून जाणारा. १६१८ मध्ये डॉर्टच्या धर्मसभेत पूर्वेकडच्या डच वसाहतींतून एक प्रश्न आला होता : ख्रिस्ती घरात वाढणाऱ्या परधर्मीय मुलांना बाप्तिस्मा द्यावा काय? त्या चर्चेत जिनिव्हाच्या प्रतिनिधींकडून असेही मत आले की, बाप्तिस्मा झालेल्या गुलामांना इतर ख्रिस्ती माणसांइतकेच स्वातंत्र्य मिळावे. सभेने मात्र त्याचा बंधनकारक नियम केला नाही. तरीही बाप्तिस्मा झालेल्या माणसाला गुलाम ठेवता येत नाही, ही आशा समुद्रापलीकडे पोहोचली. पुढे न्यू ॲमस्टरडॅमच्या चर्चमध्ये काळ्या मुलांचे बाप्तिस्मे होत राहिले.

बाउअरीच्या मंदिरात रविवारी संध्याकाळी हेन्रिकस सेलाइन्स प्रवचन देत. ते ब्रुकलिनचे धर्मोपदेशक होते आणि त्यांच्या वेतनातला २५० गिल्डरांचा वाटा स्टायव्हेसंट उचलत. जून १६६४ मध्ये सेलाइन्स यांनी ॲमस्टरडॅमच्या धर्ममंडळाला कळवले की, काळे पालक मुलांसाठी बाप्तिस्मा मागतात, पण आपण तो देत नाही. त्यांनी दोन कारणे सांगितली : पालकांना ज्ञान आणि श्रद्धा कमी आहे, आणि लेकरांना शारीरिक गुलामीतून सोडवण्याखेरीज त्यांचा दुसरा हेतू नाही.

या नकाराचा कस त्यांच्याच पंथाच्या शिकवणीवर लावायला हवा. डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये शिकवल्या जाणाऱ्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे पहिलेच उत्तर सांगते की, श्रद्धावंत माणूस देहाने आणि आत्म्याने ख्रिस्ताचा आहे, स्वतःचा नाही. तिथे देह वगळलेला नाही. मग ज्याचा देह ख्रिस्ताचा, तो कंपनीच्या यादीत गाईघोड्यांबरोबर कसा बसतो? आपल्या मुलाची सुटका मागणाऱ्या आईने हे उत्तर शब्दशः घेतले असेल, तर तिची समज उपदेशकापेक्षा उणी नव्हती. शिवाय हेतूची शुद्धी फक्त तिच्याकडूनच मागितली गेली. गुलाम बाळगणाऱ्या धन्याचा हेतू कोणी तपासला नाही आणि त्याच्या मुलाला बाप्तिस्मा नाकारला गेला नाही. देहाची मुक्ती मागणे ही श्रद्धेची उणीव मानली, तर तो निकष दोघांनाही लागू पडायला हवा होता.

बाप्तिस्मा झाला तरी संरक्षण मिळेलच असे नव्हते. पीटर यांच्या पत्नी ज्यूडिथ यांनी काही गुलाम मुलांचा बाप्तिस्मा करवून घेतला होता. ती मुले क्युरसाओ बेटावर गेली आणि तिथे ‘चुकून’ विकली गेली.

१६६४ च्या उत्तरार्धात स्टायव्हेसंट यांच्याच मळ्यावर शरणागतीचा करार झाला आणि वसाहत इंग्रजांकडे गेली. १७०६ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने वाद कायद्याने मिटवला : बाप्तिस्म्यामुळे गुलामाच्या स्थितीत बदल होणार नाही आणि मूल आईच्याच स्थितीत जन्माला येईल. बाप्तिस्म्याने गुलाम सुटतील ही धन्यांची भीती गेली, पण पालकांची आशाही गेली.

स्टायव्हेसंट १६७२ मध्ये वारले आणि मंदिराच्या तळघरात पुरले गेले. मळ्यावरचे घर अमेरिकन क्रांतीच्या काळात जळाले, पण जमीन घराण्याकडेच राहिली. त्यांच्या पणतवाने, त्याचेही नाव पीटरच, जुन्या मंदिराची जागा एपिस्कोपल चर्चला दिली आणि १७९९ पर्यंत तिथे सेंट मार्क्स उभे राहिले. १८०४ च्या सुमारास त्यानेच मुलगी एलिझाबेथ आणि जावई निकोलस फिश यांच्यासाठी विटांचे घर बांधले. ते स्टायव्हेसंट स्ट्रीटवर आजही आहे. मधल्या काळात, १८०३ मध्ये, त्याने चर्चला दफनभूमीसाठी जमीन दिली आणि अट घातली की, आपल्या आजी-माजी गुलामांना व त्यांच्या मुलांना तिथे विनामूल्य पुरता यावे. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी संपायला १८२७ उजाडावे लागले.