छप्पर एकीकडे, कार्यशाळा दुसरीकडे

संस्थेत ठेवलेल्या मुलांना व्यवसाय शिकवण्याची पद्धत मुंबई इलाख्यात जुनी आहे. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा निघाली. मुलगा भिंतीच्या आत राहील आणि तिथेच काम शिकेल, हे तिचे तत्त्व. १८७६ आणि १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांनी तेच पुढे नेले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ही मुले गुन्हेगार नव्हती. गरिबी आणि जातीमुळे त्यांची शाळा तुटण्याचा धोका होता. बोर्डिंगात राहण्याजेवण्याची सोय, शिक्षण मात्र शहरातल्या शाळेत. रोज बाहेर पडणारा मुलगा शहराचाच विद्यार्थी राहत असे.

आजच्या बालगृहांना हा भेद फार उपयोगी आहे. संस्थेच्या आत शिवणयंत्र, सुतारकामाचे टेबल ठेवणे सोपे. पण तिथल्या दाखल्यावर संस्थेचे नाव येते आणि ते मुलाला जन्मभर चिकटते. बाल न्याय कायदा २०१५ ने विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या किंवा तो सिद्ध झालेल्या, बालकाची पूर्वीची चूक सहसा त्याच्या आड येऊ नये अशी तरतूद केली आहे. दाखल्याने तीच चूक उघड करावी, यात त्या तरतुदीचा अर्थच हरवतो. कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयच्या प्रमाणपत्रावर मुलगा कुठे झोपत होता हे लिहिलेले नसते.

शिवाय कोल्हापूर हे ओतकामाचे आणि यंत्रकामाचे शहर. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे लेथवरचा माणूस, साचा बांधणारा, वेल्डर यांना मागणी असते. हात मात्र जुन्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहूनच बसतो. संस्थेतल्या दोन यंत्रांवर तो बसत नाही. भट्टीसारखे धोक्याचे काम वयाच्या अठरा वर्षांपूर्वी वर्ज्य आहे, आणि ते योग्यच. त्याआधी मापे घेणे, नकाशा वाचणे, फायलिंग एवढे पक्के झाले तरी पुष्कळ.

खरी अडचण वेळेची आहे. निरीक्षणगृहातला मुक्काम चौकशीपुरता, काही महिन्यांचा असतो; विशेष गृहात जास्तीत जास्त ३ वर्षे. फिटर किंवा टर्नर २ वर्षांचा, आणि त्याला दहावी लागते. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाला आधी दहावीच गाठावी लागते. तोवर आठवीवर मिळणारा, वर्षाचा वेल्डरचा अभ्यासक्रम जवळचा वाटतो. सतराव्या वर्षी फिटरला बसलेला मुलगा अठराव्या वाढदिवशी अभ्यासक्रमाच्या मध्यावरच असतो, आणि त्याच दिवशी बालगृहाचे दार बंद होते. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय वयाच्या २१ वर्षांपर्यंत आहे. आयटीआयची उरलेली मुदत आणि त्यानंतरची वर्षाची शिकाऊ उमेदवारी, दोन्ही तेवढ्यात बसतात. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच अनुरक्षणगृहातली त्याची जागा ठरायला हवी.