कानातलं पाणी

भूगावच्या मानस तलावाकाठी निवांत बसा. पौड रस्त्याची वर्दळ इथंही कानावर येते. येऊ द्या. डोळे मिटा, जबडा सैल सोडा.

आता एखादा हॉर्न वाजेल. त्याच्यामागे मनानं जा. आधी हवा, मग पडदा, मग तीन इवली हाडं. तिथून पुढची वाट पाण्यातून आहे. शंखासारख्या वेटोळ्यात दोन द्रव आहेत. एकात सोडियम जास्त, दुसऱ्यात पोटॅशियम. हा दुसरा थेंबभरही भरत नाही, पण त्यात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब सतत राखलेला असतो. इथं जरा रेंगाळा. लाट येते, केसपेशींवरचे तंतू झुकतात, पोटॅशियम आत शिरतं. पेशीच्या तळाशी ग्लुटामेट सुटतं आणि मज्जातंतू जागा होतो.

हॉर्न ऐकू आला.

लगेच पुढे जाऊ नका. मेंदूकडूनही कानाकडे तंतू येतात. त्यांतले काही असेटिलकोलीन सोडतात आणि आवाज वाढवून देणाऱ्या बाहेरच्या केसपेशींना आवरतात. काहींच्या टोकांशी डोपामिन असतं. कान नुसता उघडा दरवाजा नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

हॉर्ननं अंगात कुठं आवळलं? मानेत? पोटात? तिथं श्वास जाऊ द्या. अशा दचकण्यात नॉरअॅड्रेनलिन झटकन सुटतं. ताण टिकला, तर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल रक्तात येतं आणि आतल्या कानापर्यंत पोचतं. तिथल्या पेशींत त्याला ओळखणारे ग्राहक आधीपासूनच आहेत.

ताणाच्या या रसायनांशी वैर धरू नका. डिसेंबर २०१७ मध्ये याच भूगावात अभिजीत कटके आणि किरण भगत ‘महाराष्ट्र केसरी’च्या अंतिम लढतीत भिडले. अशा वेळी पैलवानाच्या रक्तात ही रसायनं उसळतातच. तरी प्रत्येक डावात तोल सांभाळायला त्याच आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांतला तोच पोटॅशियमचा द्रव राबत असतो.

सावकाश श्वास सोडा. खांदे उतरू द्या.

एवढं मात्र ध्यानात असू द्या. एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं, तर ‘येईल आपोआप’ म्हणून बसू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. ते कधी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, कधी बारीक सुईनं पडद्यापलीकडे औषध सोडतात. कॉर्टिसॉलच्याच जातकुळीचं ते औषध एका गोल, पातळ पडद्यातून झिरपत आतल्या पाण्यात उतरतं.