काडतुसाच्या बुडावरची खूण

1825 साली लेफ्टनंट जेम्स आउट्रमने धरणगावात खानदेशची भिल्ल पलटण उभी केली. कंपनी सरकारचा इथला अंमल तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. कालपर्यंत ज्यांचा पाठलाग चालला होता, त्यांच्याच खांद्यावर बंदुका द्यायच्या, हा बेत साधा नव्हता. पण बंदुकीचा जाब कोणाला विचारायचा, हे त्यात पक्के होते: हत्यार सरकारचे आणि माणूसही सरकारच्या हजेरीपटावरचा.

पुढे 1857 उजाडले. खाज्या नाईक आणि भीमा नाईक हे भिल्ल म्होरके कंपनीविरुद्ध सातपुड्यात उठले, 1858 च्या एप्रिलमध्ये आंबापाणीची लढाई झाली, आणि सरकारचा प्रश्नच बदलला. आता कोणाच्या हाती हत्यार राहू द्यायचे, एवढेच पाहायचे होते. 1878 चा शस्त्र कायदा याच भीतीतून आला. देशी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला सूट, म्हणून काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनातच त्याला विरोध केला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, पण नजर बव्हंशी हातावरच राहिली. बनवणाऱ्यालाही परवाना लागत होताच. पण एकदा परवाना मिळाला की त्याच्याकडे कोणी फारसे वळून पाहत नसे.

ही नजर आजही रोजच्या बातमीत दिसते. ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसांसह तरुण जेरबंद’ हे वाक्य जळगाव-धुळ्याच्या वाचकाला पाठ आहे. टेबलावर कट्टा, मागे पथक, तोंडावर फडके बांधलेला पोरगा. कट्टा कुठून आला याचे उत्तरही सगळ्यांना ठाऊक असते. धरणगावहून तापी ओलांडली की चोपडा, आणि चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात उमर्टी. अनेर नदीच्या अलीकडची उमर्टी महाराष्ट्राची, पलीकडची मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातली. पलीकडे शिकलगारांच्या भट्ट्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार आणि झिलई देणारे हे लोक. हत्यारांचा राजाश्रय गेला, हातातले कसब उरले. सगळ्या जमातीला गुन्हेगार ठरवणारी बोलणी मला मान्य नाहीत, पण तिथला धंदा नाकारण्यातही अर्थ नाही. 2025 च्या फेब्रुवारीत कारवाईला गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलीस ठाण्याच्या पथकावर तिथे हल्ला झाला आणि एका पोलीस कर्मचाऱ्याला नदीपलीकडे पळवून नेले. काही तासांनी त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या.

म्हणजे बनवणाऱ्याला जबाबदार धरावे का, हा वाद आपल्याकडे मिटलेला आहे असे वाटेल. 2019 च्या दुरुस्तीने विनापरवाना हत्यार बनवण्या-विकण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप केली. पण इथे बनवणारा गरीब आणि बेकायदा आहे, म्हणून प्रश्न सोपा झाला. खरी कसोटी परवानाधारक, कर भरणाऱ्या कारखानदाराची आहे.

इतर मालाच्या बाबतीत ही कसोटी हळूहळू कडक होत गेली. कपाशीचे बियाणे उगवले नाही तर आपला शेतकरी दुकानदाराशी भांडून थांबत नाही, कंपनीलाही ग्राहक आयोगात खेचतो. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्ट केले. त्याच्याही आधी, 1985 साली दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून वायू गळला, तेव्हा न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने धोकादायक धंदा करणाऱ्यावर कोणतीही सबब न चालणारी जबाबदारी टाकली. 2019 च्या ग्राहक कायद्यात तर सदोष मालाबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे वेगळे प्रकरणच आले. पण बंदुकीपाशी हा विचार अडखळतो. पिस्तूल हातात फुटले तर ते सदोष. नीट चालून शेजाऱ्याचा जीव गेला तर माल उत्तम!

अमेरिकेत हाच पेच कोर्टात लढला गेला. शहरांनी बंदूक कंपन्यांवर दावे लावले, तेव्हा तिथल्या काँग्रेसने 2005 मध्ये कंपन्यांना कायद्याचे चिलखत घातले. त्याला भोक पाडले सँडी हूक शाळेतल्या मुलांच्या पालकांनी. 2012 साली त्या शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली होती. रायफल सदोष होती असे पालक म्हणालेच नाहीत. तिची जाहिरात ज्या तऱ्हेने झाली तिच्यावर त्यांनी बोट ठेवले, आणि 2022 मध्ये ती रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी 7 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड केली. मेक्सिकोला मात्र ते जमले नाही. मेक्सिकोतल्या टोळ्यांना हत्यारे पुरवणाऱ्या दुकानदारांना कंपन्या जाणूनबुजून माल देतात, हा त्यांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये एकमताने फेटाळला. धंदा कुठे जातो हे साधारण माहीत असणे वेगळे आणि गुन्ह्याला हात लावणे वेगळे, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबर असेलही. मला त्यातली पळवाट दिसते: ज्याने पाहायचेच नाही असे ठरवले, तो सर्वांत सुरक्षित.

आपल्याकडे ही पळवाट कट्ट्यात नाही, काडतुसात आहे. नळी कानशीने घडवता येते, स्प्रिंग जुळवता येते; चांगले काडतूस भट्टीत होत नाही. जप्तीच्या पंचनाम्यांत काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही खूण वारंवार आढळते. खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्याची ती खूण. कारखाना ते कायदेशीरपणे विकतो, परवानाधारक दुकानदार ते कायदेशीरपणे घेतो, आणि त्यानंतर कुठेतरी ते चोपड्याच्या रस्त्याला लागते. काही नकली खुणाही असतील. पण ती खूण फार तर कारखाना सांगते, दुकान सांगत नाही. दुकानदाराकडे नोंदवही असते, पण ती चाळण्याची कारखानदाराला गरज भासत नाही.

म्हणून अमेरिकेसारखी कोट्यवधींची भरपाई मला इथे पहिली पायरी वाटत नाही. आधी प्रत्येक खोक्याचा क्रमांक आणि दुकान जप्तीशी जुळवता आले पाहिजे. एकाच दुकानाची काडतुसे पुन्हा पुन्हा गुन्ह्यांत सापडू लागली, तर पोलिसांनी ते कारखान्याला लेखी कळवावे. आणि कळवल्यानंतरही पुरवठा चालू राहिला, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब त्या दिवसापासून बंद. आता खासगी कंपन्याही देशात हत्यारे बनवू लागल्या आहेत. त्यांच्या परवान्यात ही अट आत्ताच लिहिणे सोपे आहे. अडचण एवढीच, की ती सर्वांत आधी खडकीच्या सरकारी कारखान्याला लावावी लागेल.