तिला सांगितलं असतं तर...



आमच्या कायझर्सलाउटर्नमध्ये फ्राउनहोफर आयटीडब्ल्यूएम ही गणिताची संस्था आहे. रेडिएशन उपचारांच्या नियोजनाचं गणित तिथे अनेक वर्षं विकसित होत आलं आहे. पेच असा, की गाठीला पुरेसे किरण द्यावेत तर शेजारच्या निरोगी भागालाही काही लागतात. सर्व बाजूंनी निर्दोष असा पर्याय नसतो. संगणक पर्याय मांडतो, निवड माणसालाच करावी लागते.

ओटीपोटाच्या कर्करोगात शेजारी असतात कटीची हाडं. किरणांनी ती दुबळी होतात. कधी न पडताही, नुसत्या चालण्याने तडा जातो. अमेरिकेत ६५ वर्षांवरील स्त्रियांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांपैकी ८.२ टक्के जणींना पाच वर्षांत कटीच्या भागात फ्रॅक्चर झालं. न घेतलेल्यांत ५.९ टक्के.

गावाकडे माझ्या आईवर हेच उपचार झाले. डॉक्टर धोके सांगू लागले तेव्हा मीच म्हणालो, "तिला नका सांगू, घाबरेल." दीड वर्षाने तिच्या कमरेत कळा सुरू झाल्या. आजार उलटला असं समजून ती दोन महिने एकटीच रात्री जागत राहिली. एमआरआयमध्ये निघाले ते हाडाचे तडे. विश्रांती आणि औषधांनी ती पुन्हा चालू लागली. मग तिने विचारलं, "तुला ठाऊक होतं का रे?"

मी खोटं बोललो नव्हतो. मग चौथं शील मोडलं का? अभयराजकुमार सुत्तात भगवंत सांगतात, की सत्य आणि हितकर वचन अप्रिय असलं तरी तथागत योग्य वेळ पाहून ते बोलतात. मी फक्त 'अप्रिय' एवढंच पाहिलं.

ताई म्हणते, सांगितलं असतं तर आईने उपचारच नाकारले असते. असेलही. पण मग फ्रॅक्चरपेक्षा कर्करोगाचा धोका किती मोठा, हे तिला समजावणं माझं काम होतं. शरीर तिचं, निर्णयही तिचाच. जर्मनीत २०१३च्या रुग्णहक्क कायद्यानुसार डॉक्टरांनी रुग्णाला समजेल अशा भाषेत, वेळेवर आणि तोंडी सांगावंच लागतं. आपल्या घरात त्यासाठी कायद्याची वाट का पाहावी?

घरात कुणी असे उपचार घेतले असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा: कमरेत किंवा जांघेत नवं दुखणं आलं तर लपवू नका, आणि रेडिएशन झाल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा. दुखणं म्हणजे कर्करोगच परतला असं नसतं.

भवतु सब्ब मंगलं.