हुकूम कुणाचा?

जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात एक बाई राहत होती. तिचा नवरा पहिल्या महायुद्धात गेला होता. पदरी एक लहान मुलगा होता. शहरात वाल्डोर्फ-ॲस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता, तिथे ती पाकिटे भरायची. संध्याकाळी घरी येऊन कितीही हात धुतले तरी बोटांचा तंबाखूचा वास जात नसे.

1919 सालच्या एप्रिलमध्ये कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांनी रुडॉल्फ स्टायनर नावाच्या विचारवंतांना कामगारांपुढे बोलायला बोलावले. गरिबाच्या मुलाने चौदाव्या वर्षी शाळा सोडायची आणि श्रीमंताच्या मुलाने पुढे शिकायचे, असा तो काळ होता. सगळ्या मुलांना एकत्र आणि पुरेशी वर्षे शिकता आले पाहिजे, असे स्टायनर बोलले. ते ऐकून कामगारांनी विचारले, मग आमच्या मुलांसाठी अशी शाळा का नसावी?

मोल्ट यांनी प्रश्न मनावर घेतला. शहरालगतच्या टेकडीवर एक उपाहारगृह होते. ते त्यांनी विकत घेतले आणि 7 सप्टेंबरला तिथे शाळा उघडली. कारखान्याच्या नावावरून तिला वाल्डोर्फ शाळा म्हणू लागले. 256 मुले, आठ वर्ग. मुलगे आणि मुली एकाच वर्गात बसत. बाईचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याचे नाव पहिलीत घातले गेले.

बाई राहत होती त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर टपाल खात्यातले एक कारकून राहत. त्यांचा मुलगाही सहाच वर्षांचा होता. तो दुसऱ्या शाळेत जाई. त्या शाळेत पाटी होती, पाढे होते आणि छडीही होती. कारकून माणूस वाईट नव्हते. मुलावर त्यांचा जीव होता. संध्याकाळी ते त्याला जिन्यात उभे करून वर्तमानपत्रातले मथळे वाचायला लावत. मुलगा खणखणीत वाचे. येणारे-जाणारे कौतुक करत.

एकदा कारकुनांनी बाईच्या मुलालाही वर्तमानपत्र दिले. मुलाने ते हातात धरले, नीट पाहिले आणि परत दिले. त्याला वाचता येत नव्हते.

“इतके महिने झाले की शाळेत जाऊन,” कारकून म्हणाले. “मग करतोस काय तिथं?”

“गोष्टी ऐकतो. चित्रं काढतो. आणि विणतो,” मुलगा म्हणाला.

“विणतोस? मुलगा असून?”

जिन्यातली माणसे हसली. बाईला ते लागले. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती थेट टेकडी चढून शाळेत गेली.

वर्गशिक्षक मुलांच्या वह्या लावून ठेवत होते. बाई म्हणाली, “गुरुजी, खालच्या मजल्यावरचा मुलगा पेपर वाचतो. माझ्या मुलाला अक्षर ओळखता येत नाही. आम्ही कामगार माणसं. पोरगा मागं राहिला तर त्याला पुढं कोण ओढणार?”

गुरुजींनी मुलाची वही काढून तिच्यापुढे ठेवली. छापील पुस्तक त्या वर्गात नव्हते. मुले स्वतःची वही स्वतःच तयार करत. पहिल्या पानावर एक मोठा मासा होता. पुढच्या पानावर त्याच माशाचे अंग बारीक होत गेले होते, पर उरले होते आणि मासा जाऊन तिथे अक्षर उभे राहिले होते. बाईने बोट फिरवून पाहिले. रंगाचा जाड थर बोटाला लागला.

“वाचायला तो शिकेल,” गुरुजी म्हणाले. “त्याची घाई आपल्याला आहे. त्याला नाही.”

“आणि नाही शिकला तर?”

“मी आठ वर्षं याच वर्गाबरोबर राहणार आहे, बाई. नाही शिकला तर तुम्हाला तोंड मलाच दाखवायचंय.”

बाईचे पुरते समाधान झाले नाही. पण आठ वर्षे एकच शिक्षक राहणार, ही गोष्ट तिने मनात धरली. ती घरी आली.

त्या हिवाळ्यात मुलगा एक मफलर विणत होता. विणायच्या सुयाही मुलांनीच लाकूड घासून केल्या होत्या. मफलर हातभर झाला, तेव्हा विणकामाच्या बाईंनी तो उजेडात धरला. खाली, अगदी सुरुवातीला, एक टाका निसटला होता. मुलाने तो गाठ मारून लपवला होता. गाठीच्या बाजूने सगळे विणकाम तिरके होत वर गेले होते.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “इथं काय झालं?”

“टाका सुटला.”

“मग आता काय करायचं?”

मुलगा गप्प राहिला. त्याला वाटले, बाई सांगतील. बाईंनी सांगितले नाही. त्या पुढच्या मुलीकडे गेल्या. मुलगा बराच वेळ मफलर मांडीवर घेऊन बसला. मग त्याने सुई बाहेर काढली आणि धागा ओढायला सुरुवात केली. हातभर मफलर उसवला. डोळ्यांतून पाणी येत होते आणि लोकरीचा गुंडा मोठा होत होता. गाठीपाशी आल्यावर त्याने ती सोडवली, टाका सुईवर घेतला आणि पुन्हा विणायला लागला. बाई लांबून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

वर्ष संपले. कारकुनांचा मुलगा पहिला आला. बाईच्या मुलाला शाळेने गुण दिलेच नाहीत. गुरुजींनी एका कागदावर त्याच्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या आणि खाली त्याच्यासाठी एक छोटी कविता रचली होती. चार ओळींत लिहिले होते की हा मुलगा कामाला उशिरा हात घालतो, पण एकदा घातला की काम अर्धे टाकत नाही. पुढच्या वर्षी त्याने मोठ्याने बोलायला शिकावे.

“हे प्रगतिपुस्तक आहे की पत्र?” कारकुनांनी विचारले. “याचा उपयोग काय?”

बाईला उत्तर देता आले नाही. कागद मात्र तिने जपून ठेवला.

मुलगा आठव्या वर्षी वाचायला लागला, आणि लागला तो थांबेना. शाळेत एकच विषय रोज सकाळी तीन-चार आठवडे चाले आणि मग दुसरा येई. तिसरीत घर बांधण्याचा विषय आला. मुलांनी घमेल्यात चुना आणि वाळू कालवली. पाणी जास्त झाले की गारा वाहून जातो आणि कमी झाले की भुगा होतो, हे हाताला कळेपर्यंत त्यांनी ते पुन्हा पुन्हा केले. मग थापीने गारा पसरून विटा बसवल्या आणि ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते पाहिले. भिंत कमरेएवढीच झाली. दोन ठिकाणी वाकडी होती. मुलांनी तेवढी पाडली आणि परत बांधली.

1923 साल आले. पैशाची किंमत रोज घसरत होती. सकाळी घेतलेल्या पगारात संध्याकाळी पाव येईना. पावाच्या एका लादीला अब्जावधी मार्क मोजावे लागत. बाईने जुने स्वेटर उसवले आणि मुलाने त्या लोकरीचे मोजे विणून शेजाऱ्यांना बटाट्यांच्या बदल्यात दिले. एक जोड कारकुनांनीही घेतला. त्या वेळी ते विणकामावर हसले नाहीत.

शाळा सुटल्यावर मुलगा पुस्तकबांधणीचे काम शिकला. कारकुनांचा मुलगा पुढे शिकला आणि सरकारी कचेरीत लागला. त्याचे हिशेब कधी चुकत नसत. 1929 साली सिगारेटचा कारखाना विकला गेला आणि बंद पडला. म्हाताऱ्या होत चाललेल्या आईला मुलाने घरी बसवले. पुढच्या मंदीत बांधणीचे दुकानही बुडाले. तेव्हा तो खुर्च्या विणून देई, छत्र्या दुरुस्त करी आणि संध्याकाळी चाळीतल्या पोरांना गोष्टी सांगे. पैसे थोडे मिळत, पण त्याचे हात कधी रिकामे नसत.

मग नाझींची सत्ता आली. मुलांना स्वतः विचार करायला शिकवणारी शाळा त्यांना नको होती. 1938 साली त्यांनी टेकडीवरची शाळा बंद केली. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झाले. दोघे मुलगे आता मोठे पुरुष झाले होते. दोघांनाही सैन्यात जावे लागले. शहरावर 53 हवाई हल्ले झाले. कारकून त्यांतल्याच एका हल्ल्यात गेले.

1945 मध्ये युद्ध संपले आणि दोघे परत आले. बाईचा मुलगा, बांधणीवाला, एका पायाने लंगडत होता. घर होते तिथे एक भिंत उरली होती. आई तळघरात राहत होती. तिने एक पत्र्याचा डबा सांभाळून ठेवला होता, आणि त्यात गुरुजींनी लिहिलेला तो कागद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधणीवाला बाहेर पडला. ढिगाऱ्यातून त्याने एक वीट उचलली. हातोडीने तिच्यावरचा जुना चुना खरवडला आणि ती बाजूला ठेवली. मग दुसरी. दुपारपर्यंत त्याने साफ विटांची एक रांग लावली. गल्लीतल्या दोन बायका आल्या, त्यांनीही हातोड्या घेतल्या. त्यांच्यामागून पोरे आली.

कारकुनांचा मुलगा ढिगाऱ्याच्या कडेला बसून होता. कचेरी राहिली नव्हती, साहेब राहिले नव्हते, कागद जळून गेले होते. त्याने बराच वेळ पाहिले आणि शेवटी उठून जवळ आला.

“हे कुणी करायला सांगितलं?” त्याने विचारले. “हुकूम कुणाचा?”

बांधणीवाल्याने वर पाहिले. त्याला प्रश्न कळला नाही.

“कुणाचा नाही,” तो म्हणाला. “थंडी येणार आहे. भिंत नाहीये.”

“पण परवानगी, सामान, माणसं... कुठून सुरुवात करणार?”

“सुरुवात झालीय,” बांधणीवाला म्हणाला. “मला हिशेब जमत नाही बघ. किती विटा साफ झाल्या, कुणाच्या घराला किती लागतील, हे तू मांडशील?”

कारकुनांचा मुलगा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने खिशातून पेन्सिलचा तुकडा काढला आणि एका फळीवर आकडे मांडायला बसला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घराच्या नावापुढे आकडा होता. तो आकडा एकदाही चुकला नाही. महिन्याभरात तळघरातल्या चार कुटुंबांना डोक्यावर छप्पर मिळाले. बांधणीवाला घमेल्यात चुना आणि वाळू कालवत असे. पाणी किती घालायचे ते त्याच्या हाताला अजून माहीत होते.

त्या वर्षी ऑक्टोबरात टेकडीवरची शाळा पुन्हा उघडली. तिथेही पडझड झाली होती. जुने विद्यार्थी आणि पालक आपापली कुदळ-फावडी घेऊन ती टेकडी चढले. त्यांत बांधणीवाला होता आणि त्याच्याबरोबर कारकुनांचा मुलगाही होता. तो त्या शाळेत कधी शिकला नव्हता, पण त्याचा मुलगा आता सहा वर्षांचा झाला होता.

म्हातारे गुरुजीही तिथे आले होते. बांधणीवाल्याने त्यांना ओळखले आणि आपले नाव सांगितले. गुरुजींनी विचारले, “काय करतोस?”

“पुस्तकं बांधायचो. सध्या भिंती बांधतो.”

“मोठ्यानं बोलायला शिकलास की नाही?”

“थोडंफार,” तो म्हणाला. गुरुजी हसले आणि त्याच्या पाटीत एक वीट ठेवली.

गोष्ट इथे संपते. कारकुनांनी विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. याचा उपयोग काय, असे प्रत्येक आईबापाने विचारावे. त्यांची चूक एवढीच झाली, की उत्तर त्यांना वर्षाअखेरीला हवे होते. त्यांचा मुलगाही कमी नव्हता; त्याच्या आकड्यांवाचून ती घरे उभी राहिली नसती. पण त्याला जे येत होते ते कुणी सांगितल्यावर करायला येत होते. दुसऱ्याला, कुणी सांगणारे उरले नाही तेव्हा काय करायचे, हे येत होते. हे शिकवायला वेळ लागतो. मुलाने हातभर विणलेले स्वतःच्या हाताने उसवेपर्यंत शिक्षकाला गप्प बसावे लागते, आणि ते गप्प बसणे कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

आज जगभर अशा हजाराहून अधिक शाळा आहेत. आपल्या मुंबईतही आहेत. पण ही गोष्ट तेवढ्या शाळांपुरती नाही. मूल कुठल्याही शाळेत जावो, त्याच्या चुकीवर आपण घाईने हात फिरवला, की ती दुरुस्त होते आणि मूल तसेच राहते. आपण थांबलो, तर चूक दुरुस्त व्हायला उशीर लागतो, पण दुरुस्त करणारा तयार होतो. त्याचा निकाल पाहायला आपण असू किंवा नसू. शिकवणाऱ्याने तेवढे सोसायची तयारी ठेवावी.